एकशे साठनंतर एकशे सत्त्याहत्तर

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मी तेवीस वर्षं चेकिंगला आहे. डझनाच्या गठ्ठ्यात अकराच टॉवेल असले तर हाताला आपोआप कळतं, मोजावं लागत नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगायचं आहे त्यात चूक माझीही आहे आणि ती याच हातानं झाली.

मुलगी आठवीत असताना तिच्या शाळेत वाचनाची योजना आली. मुलांना गोडी लागावी म्हणून वर्गात कादंबऱ्या शिकवायच्या, एक लोकांत खपणारी, एक जुनी नावाजलेली, अशा आलटूनपालटून. कल्पना चांगलीच होती. चाळीस मुलांच्या वर्गासाठी प्रत्येक कादंबरीच्या चाळीस प्रती आल्या. ज्याला पाहिजे त्यानं घरी न्यायची, बाकीच्या कपाटात. सोबत प्रत्येकाला एक वाचन-नोंदवही. तिच्यात रकाने: कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत वाचलं, सारांश, पालकांची सही.

पहिली कादंबरी रहस्यकथा होती. सर्कशीचा मॅनेजर तंबूतून गायब होतो आणि संशय पाच जणांवर. मुलगी जेवताना पुस्तक ताटाशेजारी ठेवायची.

"आमटी सांडंल त्याच्यावर!" तिची आई ओरडायची.

"थांब गं, पिंजऱ्याची चावी कुणाकडं आहे तेवढं कळू दे."

आमच्या घरात असलं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं. मला बरं वाटायचं. ती नोंदवही पुढे करायची, मी सही करायचो.

पंधरा दिवसांनी वही तपासून आली. दहापैकी चार. खाली लाल शाईत शेरा: 'शेवट लिहिलेला नाही. अपूर्ण वाचन.'

ती रडली नाही. तिनं पुस्तक आणून माझ्यासमोर उघडलं. "पप्पा, पानं मोजा."

डावीकडे पान एकशे साठ. उजवीकडे एकशे सत्त्याहत्तर. डावीकडची शेवटची ओळ 'तंबूत उभ्या असलेल्या पाच जणांपैकी' इथं तुटत होती आणि उजवीकडची 'म्हणून तिने चावी परत दिली' अशी सुरू होत होती. पुस्तक सोळा-सोळा पानांचे फर्मे एकावर एक लावून बांधतात. त्यातला अकरावा फर्मा बांधताना राहूनच गेला होता. गुन्हेगाराचं नाव त्यातच गेलं; उरलेल्या शेवटच्या सोळा पानांत ते परत कुठं येत नव्हतं.

"मैत्रिणींना विचारलंस?"

"सगळ्यांना विचारलं. म्हणतात, शेवटी गुन्हेगार सापडतो. कोण सापडतो विचारलं, तर म्हणतात, गुन्हेगार."

मग मी नोंदवही पाहिली. तिच्या अक्षरात स्पष्ट लिहिलं होतं: '१ ते १६०. १७७ ते १९२. मधली १६ पानं नाहीत.' आणि त्याच्यापुढे माझी सही. कारखान्यात एक टॉवेल कमी असला तर मी चलनावर सही करत नाही. इथं सोळा पानं कमी होती, आकडा डोळ्यांसमोर होता, आणि मी चहा पीत सही ठोकली होती. स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेलो. कादंबरी शिकवायचं काम गणिताच्या मॅडमकडे होतं.

"सारांश मी फळ्यावर लिहून दिला होता," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलीनंच उतरवून घेतला नाही."

"मॅडम, पुस्तकात ती पानंच नाहीत."

"बाकीच्या एकोणचाळीस जणांनी लिहिला की शेवट."

"मग मॅनेजरला कुणी पळवलं?"

त्यांनी ड्रॉवरमधून सारांशाचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. "अखेर गुन्हेगार सापडतो व सत्याचा विजय होतो." मग कागद उलटा करून पाहिला. "नाव दिलेलं नाही इथं."

"तुम्ही वाचली नाही कादंबरी?"

"माझ्याकडे तीन वर्गांचं गणित आहे, सर."

निदान खरं तरी बोलल्या.

कपाट शिपाई मावशींनी उघडून दिलं. "लई जड हायती ओ. आल्यापास्नं एकदाच काढली, फोटूला. परत मीच लावली."

आमची सोडून एकोणचाळीस प्रती होत्या. एकेक काढून पाहिली. छत्तीस प्रतींत एकशे साठनंतर एकशे सत्त्याहत्तर. उरलेल्या तीन प्रतींत एकशे पंचेचाळीस ते एकशे साठ ही पानं दोनदा, आणि पुढे पुन्हा एकशे सत्त्याहत्तर. धड एकही नाही. कडा एकमेकींना चिकटलेल्या होत्या, पुठ्ठा उघडताना करकरत होता. चाळीस प्रतींपैकी एकच वाचली गेली होती आणि त्या एकीला चार मार्क होते.

"मग ह्या पोरांनी लिवलं तरी काय ओ?" मावशींनी विचारलं.

"सत्याचा विजय झाला म्हणून."

"आन् त्यो कुटल्या पानावर हाय?"

मुख्याध्यापकांनी मला बसवलं, पाणी मागवलं. "चार मार्कांसाठी एवढं कशाला मनाला लावून घेता? आठ करून टाकतो."

"मार्क नकोत. मुलीला शेवट पाहिजे, आणि पुस्तकं परत गेली पाहिजेत."

"परत कशी पाठवायची? सर्व विद्यार्थ्यांनी पूर्ण वाचलं, असं आपण योजनेच्या ऑफिसला लिहून दिलंय. फोटो चढवलेत. आता पानं नाहीत म्हटलं तर विचारतील की, मग वाचलं कसं?"

शहाण्या माणसाला शहाणपण सांगावं तसं ते सांगत होते, आणि वर हसत होते. मला त्या खोलीतलं पाणी प्यावंसं वाटेना. त्यांनी स्वतःच्या पेनानं चाराचे आठ केले. खालचा 'अपूर्ण' तसाच राहिला.

ती कादंबरी मी तीन दुकानांत विचारली. मिळाली नाही. मॅनेजरला कुणी पळवलं ते आमच्या घरात अजून कुणाला माहीत नाही.

पुढच्या महिन्यात दुसरी कादंबरी आली. जुनी, नावाजलेली, तीनशे वीस पानांची. शनिवारी मुलीनं नोंदवही पुढे केली. '१ ते ३२०.' सारांश घोटीव अक्षरात, शेवटासकट.

"वाचलीस?"

"नाही."

"मग हे?"

"फळ्यावरचं आहे. याला नऊ पडतात." मला पेन हातात धरून बसलेलं पाहून म्हणाली, "तुम्ही तरी कुठं वाचता, पप्पा? करा की सही."

मी पेनाला टोपण लावलं. दप्तरातलं पुस्तक मागून घेतलं आणि पानं मोजली. सगळी.

"तीनशे वीस आहेत. एकही कमी नाही."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं पुस्तक ओढून घेतलं, थेट एकशे साठवर गेली आणि मोठ्यानं मोजायला लागली. "एकशे एकसष्ट, एकशे बासष्ट..." एकशे अडुसष्टच्या आसपास आवाज थांबला. मला वाटलं, कंटाळली. ती खाली मान घालून तिथंच काहीतरी वाचत होती. जरा वेळानं तिनं पुस्तक मिटलं आणि पहिल्या पानावर उघडलं.

सहीचा रकाना मी कोरा ठेवला. सोमवारी वहीत लाल शाईत शेरा आला: 'पालकांची सही नाही. अपूर्ण.'

तेव्हा ती पान चौऱ्याहत्तरवर होती.