खेळण्यांच्या बागेतलं चक्र

शहाद्याकडच्या जुन्या माणसांत खेळण्यांच्या बागेचा विषय निघाला की अजून मला शाबासकी मिळते. ती शाबासकी माझी नाही, माझ्या बायकोची आहे. ती या थंडीत गेली. मी चौथी शिकलो, लिहायची सवय नाही. पण हे लिहायलाच हवं.

महाराष्ट्र व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी बैलगाड्या करायचो. तापीकाठचा एक मोठा शेतकरी, आम्ही त्याला शेट म्हणायचो, लग्नाला सुरतेला गेला आणि खेळण्यांचं दुकान बघून आला. म्हणाला, "मिस्त्री, अशीच खेळणी कर, पण पोरांना वर बसता येईल एवढी." रस्त्याकाठी त्याचा पडीक तुकडा होता, तिथे बाग करायची.

मी घोडा केला, हत्ती केला, मोर केला, पोळ्याला पोरं ओढतात तसा लाकडी बैल केला. सगळं एका मोठ्या गोल फळीवर बसवलं. मध्ये खांब, खाली गाडीची चाकं. चार गडी ढकलतील, चक्र फिरेल, असा बेत.

पण मी गाड्या करणारा. हलकं काम माझ्या हातून होतच नाही. घोड्याचे पायसुद्धा बाभळीचे, जणू कापसाच्या गाठी वाहायच्या आहेत. रिकामं चक्र फिरलं. पोरं बसवली तर दीड फेऱ्यात गडी धापा टाकत खाली बसले. एक म्हणाला, "मिस्त्री, हाई खेळणं शे का घर शे?"

सगळे हसले. शेट हसला नाही. "चार दिवसांवर आखाजीचा सण आला. तालुका बघायला येईल. नाही फिरलं तर फोडून गुऱ्हाळाच्या चुलीत घालीन."

तीन महिन्यांचं काम. पुन्हा गाडी करून घ्यायला तरी कोण आलं असतं माझ्याकडे? घरी येऊन चुलीपाशी नुसताच बसलो. बायको भाकरी थापत होती. तिनं विचारलं, मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"गुऱ्हाळात चरक कोन फिरावस? मानसं?"

"बैल."

"मंग? लाकडना बैल बनाडात नि जित्ता बैल इसरी ग्यात!"

मी चिडलो. "तो चरक असतो. हे पोरांचं खेळणं शे."

"ते बैलले काय कळस? त्याले गोलच फिरनं शे ना!"

दुसऱ्या दिवशी फळीला लांब दांडा बसवला आणि शेटचा गुऱ्हाळातला बैल जुंपला. उसाचा हंगाम सरला होता, तो रिकामाच होता. आखाजीला बायकोनं पोळ्याची झूल त्याच्या पाठीवर टाकली, गळ्यात घुंगूरमाळ बांधली. बैल चालला, मागे सगळं चक्र पोरांसकट चाललं. ब्राह्मणपुरीकडून गाड्या भरून माणसं आली. डोंगरातला एक म्हातारा पागोटं धरून हत्तीवर बसला तो तीन फेरे उतरेना.

शेटनं माझ्या डोक्याला फेटा बांधला. "ही सगळी मिस्त्रीची अक्कल!" बायको समोर बायकांत उभी होती. मी तोंड उघडलं नाही. बायकोच्या अकलेनं चालतो म्हणवून घ्यायची लाज वाटली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "फेटा घट्ट तं नई ना झाया?" आणि हसली. पुन्हा कधी विषय काढला नाही.

बाग दोनच उन्हाळे चालली. पेरणी आली की बैल शेतात जायचा, चक्र थांबायचं. तिसऱ्या वर्षी शेटनं तिथे विहीर खणली, पाणी लागलं आणि त्यानं केळी लावली. मला वाईट वाटलं नाही. जमीन त्याची, पाणी लागल्यावर कोण पडीक ठेवील?

तिच्या दहाव्याला नदीवरून परत आल्यावर ओट्यावर माणसं बसली होती. एकानं बागेची आठवण काढली आणि माझं कौतुक सुरू केलं. मी उभा राहिलो. म्हटलं, "लाकूड मी तासलं. फिरवलं तिनं. बैल जुंपायचं तिनं सांगितलं. मी सगळ्यांसमोर तिचं श्रेय खाल्लं."

मग आतून माझी मेहुणी म्हणाली, "दाजी, आम्हा बायांसले ते तव्हापासून ठाऊक शे. तिनी सांगं व्हतं. पण म्हने, त्यासले बोलू नका, आज पहिल्यांदा ताठ मानेनं चालतस."

एवढी मोठी बाई माझ्या घरात होती.