थंडीला शत्रू म्हणत नाहीत

गंगेकाठच्या बालाजी घाटावर राहणाऱ्या शिवराम गुरुजींचा नरहर फौजेत गेला, तेव्हा सगळ्या मोहल्ल्याने नाकं मुरडली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना श्राद्ध-तर्पण सांगणारं घर, त्यातला हा एकुलता एक. त्र्याण्णव साली तो कायमचा परतला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं हिमनदीवरच्या गारठ्याने गेलेली होती.

घरची गादी त्याची वाट पाहत होती, पण दर्भाचं पवित्रक घालायला अनामिकाच उरली नव्हती. शिवाय ज्याच्या अंगात व्यंग त्याने यजमानाला विधी सांगू नये, हे गुरुजींनीच आयुष्यभर इतरांना ठणकावलेलं. तेच आता अंगाशी आलं.

घाटावरची बुजुर्ग मंडळी जमली. या लोकांना एकाचं पोट कसं चालेल यापेक्षा अधिकार कुणाला यावर बोलायला फार आवडतं. शेवटी रत्नाकरशास्त्र्यांनी तोड काढली. लढाईत शत्रूच्या हातून गेलेला अवयव म्हणजे व्यंग नव्हे, भूषण. मात्र पुरावा हवा. जखमी जवानाला सरकार पदक देतं, ते नरहरने आणावं आणि खुशाल गादीवर बसावं. गुरुजी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

नरहरने पदकासाठी अर्ज केला. छावणीत बोलावणं आलं. चौकशी करणारे साहेब भले होते. त्या दिवशी चौकीवर तोफा चालू होत्या ना, त्यांनी विचारलं. होत्या, नरहर म्हणाला. मग बोटं गोळ्याच्या तुकड्याने गेली असतील? साहेबांनी हे दोनदा विचारलं. तुकडा लागला होता तो चौकीवरच्या सोबत्याच्या, साताऱ्याच्या उल्हासच्या मांडीत. रक्त थांबेना, जाड हातमोज्यांनी पट्टी बांधता येईना, म्हणून नरहरने हातमोजे काढले होते. उल्हास वाचला, त्याला पदकही मिळालं, आणि ते योग्यच होतं. नरहरने जे घडलं तेच सांगितलं. गंगेकाठी वाढलेल्या या माणसाला एवढंसं खोटं साधलं नाही.

साहेबांनी मान खाली घातली. थंडीला शत्रू म्हणत नाहीत, ते म्हणाले.

म्हणजे सरकारच्या लेखी ती जखम नव्हती आणि घाटाच्या लेखी ते व्यंग होतं. गादी चुलतभावाकडे, प्रसन्नकडे गेली. अशा न्यायाची चीड येते, पण चीड येऊन करायचं काय?

संध्याकाळी गुरुजी पायरीवर बसले होते. नरहर शेजारी जाऊन बसला. मग गुरुजींनी त्याचा थोटा हात मांडीवर घेतला.

"नरहर, एखादी गोळी तरी लागायची होती रे या हाताला."

बाप असं बोलला याचा नरहरला राग यायला हवा होता. पण छावणीतून निघाल्यापासून तोही मनाशी हेच म्हणत होता.

"हो नाना," तो म्हणाला.