चाचीचं पाणी

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि लिहिण्यात चुकाही होतील, चौथीपर्यंतच शिकले, तेवढी माफी असावी. आज लोणच्यासाठी लिंबं चिरताना वास आला आणि लग्नानंतरचा अकोटातला पहिला उन्हाळा आठवला. तेव्हा नळ आठवड्यातून एकदा यायचा, आणि तो आला की आमच्या गल्लीतल्या बायका घरातलं उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून नालीत ओतायच्या, भांडी घासून ताजं भरायच्या. एकदा "पाणी वाचवा" असं ओरडत भोंग्याची गाडी दारावरून गेली, तेव्हाही सासूबाई पाण्याचा पितळी गुंड उपडाच करत होत्या आणि मी भरलेली बादली घेऊन नालीपाशी उभी होते. शेजारच्या चाची पायरीवर बसून पाहत होत्या. परतवाड्याला दिलेल्या त्यांच्या लेकीनं अंगणात लावलेलं लिंबूचं झाड उन्हानं वाळत चाललं होतं. त्या म्हणाल्या, "बहू, फेकून कावून राहिली? माह्या झाडाले शिळं-ताजं समजत नाई." मी सासूबाईंकडे पाहिलं. "माह्याकडे काय पाहून राहिली? ने ना," त्या म्हणाल्या. मग दर नळाला आमचं उरलेलं पाणी त्या झाडाला जाऊ लागलं, आणि त्याला कोवळी पानं फुटली. एकदा मी त्यातल्याच पाण्यानं ओटा धुवायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला, "ते नको घेऊ, चाचीचं पानी हाय." आजची लिंबं त्याच झाडाची. भोंग्याची गाडी अजून येते, सासूबाई तिच्याकडे आताही पाहत नाहीत, त्या चाचीची बादली भरून ठेवत असतात.