छोटी फान

चीनमधल्या वूशी शहराच्या बेअरिंग कारखान्यात फान श्वेछिन अठराव्या वर्षी रुजू झाली, त्या दिवशी क्वो शिफूंनी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला. "ऐक, छोटी फान. कुठे दुखतंय ते यंत्र स्वतः सांगतं."

शिफू म्हणजे हाताला धरून काम शिकवणारा गुरू. चहा आधी त्यांना ओतायचा, मग आपल्याला. ती उत्पादन विभागाची मॅनेजर झाली, तरी सगळ्यांदेखत ते तिला छोटी फानच म्हणत.

पुढे कारखाना जर्मनांनी घेतला आणि तिला तीन वर्षं तिकडे धाडलं. तिथं पहिल्याच बैठकीत एका कनिष्ठ इंजिनिअरनं साहेबाची चूक त्याच्या तोंडावर काढली. दुपारी दोघं हसत एकत्र जेवले. श्वेछिनला केवढं मोकळं वाटलं! परतताना ती तो मोकळेपणा घेऊनच आली.

यंदा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. शिफूंनी कानानं पारखून पास केलेला. त्यांचा उजवा कान गेलाय, हे तिला ठाऊक होतं. जुनी छोटी फान दार लावून, चहा ओतून आडवळणानं बोलली असती. मॅनेजर फान बावीस माणसांसमोर म्हणाली, "शिफू, चूक तुमची आहे. कान तपासून घ्या."

सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे वळल्या. जर्मन साहेबानं तेवढी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती येताच शिफू उठून उभे राहिले. "नमस्कार, फान मॅनेजर." दोन्ही हातांनी त्यांनी राजीनामा पुढे केला.

रविवारी चहाचा डबा घेऊन ती त्यांच्या घरी गेली. जिना चढताना माफीचे शब्द घोकले. शिफूंनी तिला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. ती किटलीला हात घालणार, तोच त्यांनी ती उचलली आणि तिचा कप आधी भरला. घोकलेलं सगळं राहूनच गेलं. तोंडून निघालं ते भलतंच, "शिफू, लॉट खराबच होता."

"होताच. आपण योग्य तेच बोललात."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर ती तिथंच रडली असती. त्यांनी जर्मन साहेबांची तब्येत विचारली.

निघताना दाराशी ते अदबीनं म्हणाले, "सावकाश जा, मॅनेजर."

"एकदा छोटी फान म्हणा ना, शिफू."

दार हळूच लागलं. ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती. त्यांना ऐकूच गेलं नसणार, असं ती जिना उतरेपर्यंत स्वतःला बजावत राहिली.