पत्त्यात डोंबिवली

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती मुलाच्या पाटीवरून, त्याचा अभ्यास घ्यायचं निमित्त करून. त्यामुळे अकरावीतली नात म्हणाली, मी आता कॉलेजचं पण शिकणार, तेव्हा मला वाटलं थट्टा करतेय.

"अगं बाय, आधी शाळा तर संपव!"

"आजी, दोन्ही एकदम. शाळा गावात, कॉलेज मोबाईलवर."

तर ते असं होतं. ठाण्यातल्या एका कॉलेजनं खेड्यातल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी सोय केलेली. संध्याकाळी बाई मोबाईलवर शिकवणार, तेही कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं मानसशास्त्र. परीक्षा तेवढी ठाण्याला जाऊन द्यायची. पास झालं की बारावीनंतर त्याच कॉलेजात जागा पक्की, फी माफ, राहायची सोय पण त्यांचीच. आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही हो. पोरीनं त्या एका जागेवर सगळा जीव लावलेला.

आमचं गाव शीळफाट्यापासून आत. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले आणि आम्ही मधे विहिरीच्या तळाशी बसल्यासारखे झालो. खाली घरात रेंज येते-जाते; फोन कसाबसा वाजतो, पण वर्ग काही चालत नाही. म्हणून तिचा वर्ग स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला टेकून. मी सोबतीला. एकटी पोर वर कशी सोडायची? मेथी घेऊन बसायचे, पण हात मेथीत आणि कान बाईंकडे. काय काय सांगायच्या! एकदा म्हणाल्या, आई खोलीतून गेली की तान्हं मूल काय करतं हे लोकांनी मुद्दाम तपासून पाहिलंय.

माझ्या तोंडून निघून गेलं, "रडतं! आणखी काय करणार? त्यात तपासायचं काय?"

नातीनं कपाळाला हात लावला. "आजी, माइक चालू आहे!"

तिकडून बाई हसल्या. "बरोबर आहे आजी. पण आई परत आल्यावर मूल काय करतं, ते सांगा बघू."

मी म्हटलं, "कुणी धावत येतं, कुणी रुसून पाठ फिरवतं. माझ्याकडे दोन्ही नमुने होते."

तेव्हापासून सगळी मुलं मला ओळखायची. टिटवाळ्याच्या पुढच्या गावातली एक मुलगी तर आधी "आजी आल्या का?" विचारायची आणि मग वही उघडायची. तिची नि आमच्या पोरीची चांगली गट्टी जमलेली.

आता मुलाचं सांगते. त्याला वाईट म्हणू नका. आमच्याकडे पत्ता सांगायची एक रीत पडलीय. गाव महापालिकेत घेतलं, शहरात गेलं, त्या दिवशी पेढे वाटले सगळ्यांनी. तेव्हापासून पत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, जिथे तिथे डोंबिवली पूर्व. नळाला पाणी येवो न येवो, पत्त्यात डोंबिवली हवी. मुलीसाठी स्थळ येतं तेव्हा गावाचं नाव घेतलं की पाहुणे नुसते चहा पिऊन उठतात, असं सगळे म्हणतात. नात सतरा वर्षांची झाली, बापाला पुढचं दिसायला लागलं. तो गेला आणि तिच्या आधारवरचा पत्ता बदलून आला. घरात येऊन तिला दाखवला पण. "बघ, आता तू डोंबिवलीची." ती अभ्यासात होती. हसली, "बरं पप्पा," म्हणाली.

परीक्षेआधी कॉलेजनं सगळ्यांची आधार कार्डं परत मागवली. तिनं ते नवीन पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाईंचाच फोन आला. योजना फक्त खेड्यातल्या मुलांची. तुझा पत्ता शहरातला दिसतोय.

आम्ही तिघं ठाण्याला गेलो. वर्तकनगरच्या बाजूला आतल्या रस्त्यावर ते कॉलेज. पोरगी पहिल्यांदाच बघत होती. जिना चढताना भिंतीला हात लावत चढत होती. बाई मोबाईलवर वाटायच्या त्याहून लहान चणीच्या निघाल्या. मला बघून उठून उभ्या राहिल्या.

मुलगा म्हणाला, "मॅडम, मी उद्या परत जुना पत्ता करून आणतो."

"त्यानं काय होणार दादा? तुमचं गाव खरंच शहरात गेलंय. आधीचा पत्ता जुना होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आता वरच्या लोकांनी पाहिलंय."

मी म्हटलं, "अहो बाई, शहरात कुठे? तुम्ही या एकदा, बघा आमचं गाव. टँकर आला नाही तर अंघोळ नाही आम्हाला."

त्यांचे डोळे भरले. "मी भांडले आजी. खूप भांडले. वर्ग ऐकायला तिला कुणी अडवणार नाही. पण परीक्षेला बसवता येत नाही."

पोरगी बापाकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. "पप्पा, कशाला बदललात?"

"तुझ्यासाठीच गं," तो म्हणाला.

त्यानंतर ती स्लॅबवर गेली नाही. बाईंचा वर्ग लागायच्या वेळेला ती खाली टीव्ही लावायची, मोठ्यानं. बापाला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, विचारलं तर उत्तर द्यायची. भांडण असं काहीच नाही. तोच घरात आल्यावर दबकत बोलायचा, पाहुण्यासारखा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी फोन वाजला. टिटवाळ्याकडची ती मैत्रीण, घाबरलेली. एक धडा डोक्यात जात नव्हता. आमची उठली, फोन घेऊन जिन्यावर, रेंज मिळेल तिथे जाऊन बसली आणि तिला समजावायला लागली. शांतपणे, बाई समजवायच्या तसं. "नाही गं, घाबरू नकोस, परत सांगते. आता तू मला सांग." अख्खा धडा घेतला तिनं. एकदाही अडली नाही. मी जिन्याच्या खाली उभी, तवा तसाच गॅसवर.

शेवटी ती मैत्रीण काहीतरी विचारत होती. ही म्हणाली, "हो, हो. मी पण निघतेच आहे. पप्पा सोडतायत गाडीनं."

म्हणजे त्या पोरीला हिनं काही सांगितलंच नव्हतं.

मुलगा बाहेर ओट्यावर होता. जिन्याचा आवाज तिथपर्यंत जातो, त्यानं सगळं ऐकलं. तो उठला, फडकं घेतलं आणि गाडी पुसायला लागला. स्वच्छच होती ती. तरी सीट पुसली, आरसे पुसले, परत सीट पुसली. जिन्यावरून कुणी उतरलं नाही.