जळगावचे उंदीर आणि धुळ्याच्या बांगड्या

शिंदखेड्याहून जळगावला रेल्वेची पॅसेंजर सरळ जाते, बसायला जागाही मिळते. तुम्ही तिनेच जा. मी मात्र एसटीने धुळ्यावरून गेले, कारण मला धुळ्यात बांगड्या भरायच्या होत्या आणि ते घरात सांगायचं नव्हतं. सांगितलं एवढंच, की नातीला भेटून येते. आमची वैशाली जळगावला कॉलेजात उंदरांवर शिकते. आमचे हे म्हणाले, त्यासाठी जळगाव कशाला, आपल्या कोठीत काय कमी आहेत?

धुळ्यात दोन्ही हात भरून घेतले, हिरवेगार. वैशालीसाठी वेगळ्या घेतल्या. कासाराने त्या पुठ्ठ्याच्या जाड नळीवर चढवून दिल्या, म्हणजे फुटत नाहीत. तुम्हीही तशाच मागा.

जळगावच्या गाडीला तोबा गर्दी. मी एक पाय पायरीवर ठेवला, तेवढ्यात कंडक्टरने वरून दंड धरून ओढलं. आणि माझे पाय जागीच रोवले गेले. वर जाईना, खाली येईना, तोंड उघडेना. तो म्हणाला, "अक्का, पायांत जोर नही का?" रोज विहिरीवरून दोन हंडे आणणारी मी! शेवटी मागच्या बाईने मला गाठोड्यासकट वर लोटलं. पारोळ्यापर्यंत मी गप्प होते. एवढं गप्प तर मी लग्नातही नव्हते. पारोळ्याला चहा घेतला, घरची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, मग जरा माझं मला वाटलं. एरंडोल गेलं की जळगाव आलंच.

वैशालीचा चेहरा उतरलेला. कॉलेजच्या मागे उंदरांची खोली, तिथेच मला घेऊन गेली. एका पिंजऱ्यात साधे उंदीर, दुसऱ्यात जन्मापासून स्नायू झिजण्याचा आजार असलेले. तसाच आजार माणसांच्या पोरांना होतो म्हणून ह्यांचा अभ्यास. तिने साध्या उंदराला मानेच्या कातडीला धरून उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि खोक्यात सोडलं. तो पळत सुटला. मग आजारी उंदराला तसंच केलं. तो बसला तो बसलाच. मिशीसुद्धा हलेना. तिचे सर म्हणत होते, ह्यांच्यातला जोर संपला. उद्याही हलले नाहीत तर हे काम बंद, दुसरा विषय घ्या. म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात.

मी खोक्यापाशी बसकण मारली. मला काय घाई? वैशालीला सासरची सगळी भांडणं सांगून झाली, नवी दोन जोडूनही सांगितली. अर्धा तास गेला असेल, आणि तो उंदीर आपला आपण उठून चालायला लागला.

आता मला सांगा, दुबळेपण अर्ध्या तासात जातं? मी लहानपणी एक खोडी करायची. कोंबडीला उताणी दाबून धरायची, हात काढला तरी ती मेल्यासारखी पडून राहायची. मग भावाला सांगायची, तुझी कोंबडी मेली. तो रडायला लागला की ती उठून पळायची.

मी वैशालीला म्हटलं, "हाऊ थकेल नही शे, घाबरेल शे."

ती म्हणाली, "पण आजी, दुसरेही घाबरतातच की. ते पळतात."

"त्यास्नं भ्याव पायमां जास. ह्याना पायच बांधी टाकस."

भीतीने ह्याचे पायच बांधले जातात, हे तिला पटलं. दुबळा तो आहेच, ती म्हणाली, पण त्यात भीती मिसळली की जोर किती ते कसं मोजायचं? मी गाठोड्यातली नळी काढली, बांगड्या उतरवल्या आणि नळी आजारी उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवली. कोंबडीला धरायला गेलं की ती बिथरते, डालगं पुढे ठेवलं की आपणहून शिरते. एका उंदरानेही आधी नळी हुंगली, मग तो आत शिरला. वैशालीने नळी अलगद उचलून खोक्यात टेकवली. तो बाहेर आला आणि चालला. डुलत, थांबत, पण चालला.

जेवताना मी सहज विचारलं, त्या आजारी पोरांनाही डॉक्टर असेच एकदम धरतात का? ती घास तसाच ठेवून वही आणायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिने एकेक करून सगळे उंदीर नळीतून नेले. सरांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा स्वतः नळी धरली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अक्का, तुमचं शिक्षण?" मी म्हटलं, दुसरी, आणि कोंबड्या.

परतताना मुद्दाम एसटीच घेतली. कंडक्टरने हात पुढे केला. मी म्हटलं, भाऊ, हात नको, तू फक्त बाजूला हो. आणि चढले की टणाटणा.

आठ दिवसांनी वैशालीचं कार्ड आलं. काम चालू राहिलं. धरलेले उंदीर आणि नळीतून नेलेले उंदीर, असे दोन वेगळे तक्ते केलेत. नळी मात्र कुरतडली, दुसरी पाठव. म्हणजे पुन्हा धुळ्याला जाणं आलंच, त्याला माझा काय इलाज?

कार्ड मला वाचून दाखवता दाखवता आमच्या ह्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. मनगट धरून म्हणाले, "ह्या कधी भरल्या?"

मी म्हटलं, "आधी हात सोडा, मग सांगते."