नानांच्या शेजारची खुर्ची

चौतीस वर्षं कारकुनी केली. कपाटात फायली साठतात तसे डोक्यात किस्से साठत गेले. फायलींना निदान उंदीर लागतात, किस्स्यांना तेही लागत नाहीत! आमच्या इतिहास मंडळाचं इतिवृत्त मी लिहितो. त्यात जे बसत नाही ते इथं.

मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या हॉलमध्ये भरतं. अध्यक्ष देशमुख सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. नियम म्हणजे नियम! कोरम सातचा. सहाच जण असले तर सर सभा तहकूब करून घरी जातात. एकदा तर पाहुण्यांचा हार टेबलावर तसाच राहिला होता.

•

यंदा सरांनी विषय मांडला : ‘जिल्ह्यातील नौसैनिकांच्या युद्धकाळातील आठवणी’. शेवटी पुस्तिका काढायची.

मी म्हणालो, “सर, आपल्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. आपण समुद्रावर काय बोलणार?”

सर म्हणाले, “म्हणूनच बोलायचं.”

तेवढ्यात तीन फोन वाजले. ज्युबिली पार्ककडं पाणी सुटलं होतं. तीन सभासद चपला शोधत पळाले. जे उरले, त्यांनी समुद्र एकमतानं मंजूर केला!

•

नौसैनिक मिळाले दोनच. पहिले शेखभाई. एकाहत्तरच्या युद्धात ते जहाजावरून झेंडे हलवून दुसऱ्या जहाजांना निरोप पाठवायचे. सर म्हणाले, करून दाखवा. शेखभाईंनी दोन हातरुमाल घेतले, वाचनालयाच्या पायरीवर उभे राहिले आणि रस्त्याकडं तोंड करून हात हलवू लागले.

दोन रिक्षा करकचून थांबल्या. “किधर जाना है, चचा?”

शेखभाई आमच्याकडं वळून म्हणाले, “जंग में इत्ता जल्दी जवाब किसीने नइ दिया था!”

•

दुसरे सखाराम नाना. पिशोरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पंचाहत्तरी ओलांडली तरी एसटीनं येतात. नौदलात स्टोकर होते, म्हणजे बॉयलर सांभाळणारे.

भरतीनंतर त्यांची पोहण्याची परीक्षा झाली. “आमी विहिरीत शिकलेलो. साहेब पलीकडून वरडतोय, सरळ ये, सरळ ये! आन् म्या आपला गोल गोल फेऱ्या मारतोय. विहिरीत सरळ जायला जागा कुटं असती?”

“मग नापास?”

“नाय. साहेब म्हनला, लई दमदार हाय, बुडंना!”

•

सरांना शौर्य हवं होतं. त्यांनी लाल पेन काढून विचारलं, “नाना, शत्रूचं जहाज प्रत्यक्ष कसं दिसत होतं?”

“दिसलं न्हाय.”

“तोफा?”

“आमी खाली बॉयलरपाशी. वर काय चाललंय ते घंटीवरून कळायचं. युद्ध संपल्यावर रजेवर आलो तवा गावानं मला सांगितलं, युद्ध कसं झालं ते. त्यांनी रेडिओवर ऐकलं हुतं!”

मी इतिवृत्तात लिहिलं : ‘युद्ध झाल्याचे सदस्य ऐकून आहेत.’ सरांनी ते खोडलं.

नाना बोलताना बसत नाहीत. खिडकीपासून चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. एकानं वैतागून म्हटलं, “नाना, बसा की, मान दुखली आमची!” नाना म्हणाले, “बॉयलरपाशी एवढीच जागा हुती. सवय जाईना.” तरी गोष्ट रंगात आली की तिच्यातल्या एका ठिकाणी ते हटकून बोलायचं थांबायचे आणि चहा बघायला बाहेर जायचे. चहा आलेला असला तरी!

•

नाना स्वतः फारसे बसत नाहीत, पण दोन खुर्च्या अडवतात. एक आपली, शेजारच्या दुसरीवर कापडी पिशवी. पैठणहून आलेले एक पाहुणे त्या खुर्चीकडं वळले, तर नाना म्हणाले, “मानूस हाय तिथं.”

“कुठाय?”

“येनार हाय.”

पाहुणे पाऊण तास उभे. भाषण मात्र पाच मिनिटांत आटोपलं. ती खुर्ची कायम अडवून ठेवावी अशी सूचना शेखभाईंनी मांडली!

•

मी कारकून. हजेरीचं रजिस्टर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सलग पाच महिने नानांच्या सहीखाली, त्याच अक्षरात, आणखी एक नाव : थॉमस.

“नाना, हजेरीत बोगस सही? आमच्या कचेरीत यावर माणसं घरी बसायची!”

नाना उठले. चार पावलं गेले, चार पावलं आले. या खेपेला चहाकडं गेले नाहीत.

“त्या दिशी माझी पाळी हुती बॉयलरवर. मला बोट लागली, उलट्या थांबंनात. माझ्या बरोबरचा थॉमस म्हनला, तू पड, तुज्या जागी म्या उभा ऱ्हातो. अन् वाफेची नळी फुटली.”

पुन्हा चार पावलं.

“त्यानं माझी हजेरी लावली. आता म्या जाईन तिथं त्याची लावतो.”

मी रजिस्टर मिटलं. शेरा मारला नाही.

•

नानांचं एकच मागणं होतं. पुस्तिकेत थॉमसचं नाव यावं. “माझं गाळलं तरी चालंल.”

सर म्हणाले, “नाना, पुस्तिका जिल्ह्यातल्या नौसैनिकांची आहे. थॉमस केरळचे. नियमात बसत नाही.”

“साहेब, त्यो तिथं उभा ऱ्हायला म्हनून तर म्या जिल्ह्यात परत आलो.”

सरांनी पेन फिरवत फिरवत विचार केला. “अपवादाला सभेचा ठराव लागतो. पुढच्या सभेत मांडू. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मजकूर छापखान्यात जातो. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

•

त्या रविवारी सकाळी अर्ध्या शहराला पाणी आलं. फोनवर फोन. “माझ्याशिवाय मोटर कोण लावणार?” “टाकी भरली की निघालोच!” दहाचे सव्वादहा झाले, साडेदहा झाले. सर, मी, नाना, शेखभाई आणि दोघं. सहा.

नाना चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. पायरीवर वाजलं की दाराकडं बघायचे. एकदा कुत्रं निघालं.

“सर, पाँच मिनट और,” शेखभाई म्हणाले.

पाच मिनिटं झाली. सरांनी पेनला टोपण लावलं. “सहा. कोरम नाही.”

कुणी उठेना. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती पिशवी ठेवलेल्या खुर्चीवर येऊन थांबली. बराच वेळ थांबली.

“नाना.”

“जी, साहेब.”

“थॉमस आलेत का?”

नाना तिसऱ्या पावलावर होते. तिथंच टाचा जुळवून सरळ उभे राहिले. इतक्या महिन्यांत हा माणूस स्थिर उभा मी पहिल्यांदाच बघितला.

“व्हय, साहेब. हजर हाय.”

सरांनी टोपण काढलं. मला म्हणाले, “लिहा, कोरम पूर्ण. ठराव वाचा.”

मी वाचला.

“बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.”

आम्ही हात वर केले. नानांनी दोन्ही केले.

सरांनी चष्मा पुसला, लावला, स्वतःचाही हात वर केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं एकेक हात मोजला. सात भरले.